जर्मन शब्द कुठे शिकावेत : काही ऑनलाइन साधनांचे परीक्षण

जर्मन शिकायला लागून सहा महिने झाले तेव्हा मला सुमारे सहाशे शब्द पाठ होते आणि त्यांपैकी एकाही नामाचे लिंग मी खात्रीने सांगू शकत नव्हते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या एका तयार शब्दसंचातून मी ते शिकले होते. संच दिसायला नीटनेटका होता, समोर जर्मन शब्द आणि मागे इंग्रजी अर्थ. परंतु ज्या कोणी तो तयार केला होता त्याने नामांपुढची डेर, डी, डास ही उपपदे गाळली होती आणि अनेकवचनेही दिली नव्हती. वर्गात सलग चार वाक्ये बोलण्याची वेळ आली तेव्हा त्याची किंमत कळली. 'टिश' म्हणजे टेबल एवढे ठाऊक असून भागत नाही. तो शब्द पुल्लिंगी आहे हे ठाऊक नसेल तर 'टेबलावर' एवढे म्हणतानासुद्धा जीभ अडते, कारण विभक्तीप्रमाणे बदलते ते उपपद आणि उपपद ठरते लिंगावरून. ते सहाशे शब्द मला पहिल्यापासून पुन्हा पाठ करावे लागले आणि दुसऱ्या खेपेला जास्त त्रास झाला, कारण आधी चुकीची सवय मोडायची होती.

तेव्हापासून बी1 (ए1 आणि ए2 नंतरची तिसरी पातळी) परीक्षा देईपर्यंत आणि त्यानंतरही मी जी साधने वापरली, त्यांच्याविषयी येथे लिहीत आहे. प्रत्येक साधनाकडे पाहताना माझ्या मनात तेच प्रश्न असतात : नाम देताना ते लिंग आणि अनेकवचन देते का, शब्द वाक्यात वापरून दाखवते का, उच्चार ऐकवते का, आणि अर्थ समजण्यासाठी किती वेळा इंग्रजीच्या दारातून जावे लागते. शेवटचा प्रश्न मराठी माणसाने अवश्य विचारावा असे मला वाटते. मी वापरलेल्या एकाही अभ्यासक्रमाची माध्यमभाषा मराठी नव्हती, आणि मराठी व जर्मन या दोन भाषांत इतके साम्य आहे की मध्ये इंग्रजी आली म्हणजे सोपी गोष्ट अवघड होऊन बसते.

सुरुवात ग्योटे इन्स्टिट्यूटच्या शब्दसूचींपासून करावी. ही संस्था आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाते आणि पुण्यामुंबईत तिचे वर्ग अनेक वर्षांपासून चालतात. ए1, ए2 आणि बी1 या पातळ्यांच्या परीक्षांसाठी कोणते शब्द यायला हवेत याच्या सूची संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. ए1 च्या सूचीत साधारण 650, ए2 च्या सूचीत साधारण 1300 आणि बी1 च्या सूचीत साधारण 2400 शब्द आहेत. नामाबरोबर उपपद आणि अनेकवचनाची खूण असते, बहुतेक शब्दांपुढे एखादे उदाहरण असते आणि अर्थ मात्र कोणत्याच भाषेत दिलेला नसतो. नवशिक्याला ही उणीव वाटेल. मला ती या सूचीची सर्वांत चांगली बाजू वाटते, कारण अर्थाची जागा मोकळी असते आणि तेथे मराठी लिहिता येते. मी ए2 ची सूची छापून घेतली आणि समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहीत गेले. बी1 ची परीक्षा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील संस्थांनी मिळून तयार केली असल्यामुळे तिच्या सूचीत देशादेशांतील फरकही नोंदवलेले आहेत. जानेवारीला ऑस्ट्रियात 'येनर' म्हणतात हे मला तेथेच कळले. सूचीत आवाज नाही आणि उजळणीची सोय नाही. शब्द कोणते शिकायचे एवढेच ती सांगते, पण तेवढे कामच इतर बहुतेक साधने धड करत नाहीत.

शब्द ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या अभ्यासक्रमांना माझ्या मते तोड नाही, आणि तेही विनामूल्य आहेत. 'निकोस वेग' ही मालिका ए1 पासून बी1 पर्यंत जाते. स्पेनहून जर्मनीत आलेल्या निकोची बॅग हरवते आणि तिच्या निमित्ताने तो एकेका माणसाला भेटत जातो. प्रत्येक प्रसंग दोन-तीन मिनिटांचा असतो, त्याला जोडून स्वाध्याय असतात आणि त्या प्रसंगातील शब्दांची उच्चारांसह यादी असते. हरवलेली वस्तू, पत्ता विचारणे, घर शोधणे असे प्रसंग डोळ्यांसमोर घडत असल्यामुळे शब्दाला चेहरा मिळतो. 'टाशे' म्हणजे पिशवी हा शब्द मला विसरताच येणार नाही. बी1 च्या पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी याच संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्या आहेत. त्या सावकाश आणि नेहमीच्या अशा दोन्ही गतींत ऐकता येतात आणि संपूर्ण मजकूर समोर असतो. बातम्यांतील शब्द पुन्हा पुन्हा येतात, निवडणूक, वाटाघाटी, अर्थसंकल्प, संप, आणि महिनाभर नेमाने ऐकले की यादी न करताही ते अंगवळणी पडतात. स्वयंपाकघरातील किंवा दवाखान्यातील शब्द मात्र बातम्यांत कधीच येत नाहीत. रस्त्यावरची बोलीभाषा ऐकायची असेल तर 'ईझी जर्मन' ही यूट्यूब वाहिनी पाहावी. तेथे लोकांच्या मुलाखती असतात आणि खाली जर्मन व इंग्रजी अशा दोन ओळी दिसतात. इंग्रजीची ओळ हाताने झाकून पाहिल्यास अधिक उपयोग होतो.

आता शब्दकोश. विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त वेळ येथे जातो आणि सर्वांत जास्त निष्काळजीपणाही येथेच होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बहुतेक जण लिओ किंवा डिक्ट सीसी या ऑनलाइन इंग्रजी-जर्मन कोशांपैकी एक निवडतात. लिओ म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातून सुरू झाला, तर डिक्ट सीसी व्हिएन्नातील एका संगणकतज्ज्ञाने उभारला आणि त्यातील नोंदी वापरणाऱ्यांनीच भरल्या व तपासल्या आहेत. दोन्ही वेगवान आहेत, दोन्हींत उच्चार ऐकता येतो. लिओच्या चर्चापानांवर 'हे असे म्हणतात का' या प्रश्नाला मातृभाषक उत्तरे देतात आणि ती उत्तरे अनेकदा मूळ नोंदीपेक्षा उपयुक्त असतात. तरीही हे दोन्ही कोश म्हणजे समोरासमोर मांडलेल्या शब्दांच्या जोड्या आहेत. इंग्रजीतील 'नो' (know) हा शब्द टाका. 'विसेन' आणि 'केनेन' ही दोन क्रियापदे एकाखाली एक येतील आणि कोणते कुठे वापरायचे हा प्रश्न तुमच्याकडेच राहील. मराठी माणसाला हा प्रश्न पडायचे कारणच नाही. 'मला उत्तर माहीत आहे' येथे विसेन आणि 'मी तिला ओळखतो' येथे केनेन. आपण हा भेद लहानपणापासून करतो. 'लिव्ह' या इंग्रजी शब्दाचीही तीच कथा आहे. जर्मनमध्ये 'लेबेन' म्हणजे जगणे आणि 'वोनेन' म्हणजे राहणे. ज्या दोन खणांत आपले शब्द आधीच वेगवेगळे ठेवलेले आहेत ते इंग्रजीच्या एका डब्यात ओतायचे आणि मग जर्मनसाठी पुन्हा निवडत बसायचे, असा हा उलटा व्यवहार होतो.

म्हणून ए2 पूर्ण झाल्यावर शक्य तितक्या लवकर जर्मन-जर्मन कोशाकडे वळावे असा माझा आग्रह आहे. डूडेन हे नाव सर्वांना ठाऊक असते. कोनराड डूडेन यांनी 1880 मध्ये काढलेल्या कोशाची परंपरा आज त्याच नावाच्या संकेतस्थळावर चालू आहे. तेथे 'ल्योफेल' म्हणजे चमचा हा शब्द उघडला की सर्वांत वर उपपद दिसते, मग शब्द किती वापरात आहे हे दाखवणारी पाच खुणांची पट्टी, अक्षरे कुठे तोडायची, उच्चार, अर्थ, समानार्थी शब्द आणि सर्व विभक्तिरूपांचा तक्ता. ही वापराची पट्टी विद्यार्थ्याला फार उपयोगी पडते. एखाद्या शब्दापुढे पाचांपैकी एकच खूण भरलेली असेल तर बी1 च्या आधी त्याच्यामागे लागू नये, हे मी तिच्यावरून शिकले. जाहिराती मात्र पुष्कळ आहेत आणि मोबाइलवर त्यांतून वाट काढत तक्त्यापर्यंत पोहोचावे लागते.

माझे मन जडले ते डीडब्ल्यूडीएसवर. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा हा डिजिटल शब्दकोश विनामूल्य आहे आणि जर्मन शिकणाऱ्या फारच थोड्या मराठी विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो, याची मला खंत वाटते. त्यातील 'वोर्टप्रोफिल' हा भाग एखादा शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत वावरतो हे प्रत्यक्ष वापरातील मजकुरावरून दाखवतो. उदाहरणार्थ 'एंटशायडुंग' म्हणजे निर्णय. इंग्रजीत निर्णय 'करतात', मराठीत 'घेतात' आणि जर्मनमध्ये 'ट्रेफेन' हे क्रियापद लावतात, ज्याचा एरवीचा अर्थ भेटणे किंवा नेमका वेध घेणे असा आहे. हे कोणत्याही शब्दजोडीतून कळत नाही. उलट 'आबशीड नेमेन' या प्रयोगात आबशीड म्हणजे निरोप आणि नेमेन म्हणजे घेणे. आपण निरोप घेतो तसाच जर्मन माणूसही घेतो. असे जुळणारे प्रयोग मी एका वेगळ्या वहीत लिहून ठेवते.

याच कोशात वोल्फगांग फायफर यांचा व्युत्पत्तिकोशही समाविष्ट आहे. एका संध्याकाळी 'विसेन'ची नोंद खाली सरकवत गेले तेव्हा प्राचीन भारतीय भाषेची खूण आणि तिच्यापुढे 'वेद' हा शब्द दिसला. विसेन आणि विद् एकाच मुळाचे. आणि ज्या 'केनेन'ला इंग्रजी कोश विसेनशेजारी बसवतो त्याचे नाते आपल्या 'ज्ञा'शी, म्हणजे जाणण्याशी आहे. त्यानंतर ही दोन क्रियापदे पाठ करावी लागली नाहीत. डीडब्ल्यूडीएसवर ग्योटे इन्स्टिट्यूटच्या तिन्ही पातळ्यांच्या शब्दसूचीही आहेत आणि प्रत्येक शब्दावरून थेट नोंदीकडे जाता येते. अडचण एकच : सर्व काही जर्मनमध्ये आहे आणि मांडणी अभ्यासकांसाठी केलेली आहे. ए1 च्या विद्यार्थ्याला ते पान पाहून दडपण येईल.

लिंग्वी हे 2009 मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ दोन भाषांतील समांतर वाक्ये शेजारीशेजारी दाखवते. डीपएल ही भाषांतरसेवा पुढे त्याच कंपनीने काढली. कार्यालयीन पत्र लिहिताना मला त्याचा उपयोग झाला. त्यातील पुष्कळ वाक्ये युरोपीय संघाच्या दस्तऐवजांसारख्या मजकुरांतून घेतलेली असल्याने त्यांचा सूर सरकारी आहे आणि शेजाऱ्याशी बोलण्यासाठी तो कामाचा नाही. क्रियापदांची आणि नामांची रूपे झटकन पाहायची असतील तर व्हेर्बफोर्मेन हे संकेतस्थळ पुरेसे आहे.

लिंगाच्या बाबतीत मराठी भाषकाला जे बळ आहे त्याची दखल यांपैकी एकही साधन घेत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत, त्यामुळे टेबलाला लिंग असते ही कल्पनाच आपल्याला नव्याने समजून घ्यावी लागत नाही. मी सूचीतील नपुंसकलिंगी शब्दांपुढे मराठी शब्द लिहू लागले तेव्हा घर, पाणी, मीठ, पुस्तक, अंडे, मूल, सोने, लोखंड, तांबे हे सर्व दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी निघाले. याचा नियम करू नये. चमचा, काटा, सुरी या तिघांतच ते दिसते : चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण काटा जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. तरीही जेथे जुळते तेथे टिपून ठेवले तर ओझे हलके होते आणि जेथे जुळत नाही तेवढ्यावरच कष्ट घेता येतात. 'मेडशेन' म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी का, हा इंग्रजीतून शिकणाऱ्यांना छळणारा प्रश्न आपल्याला छळू नये. लहानपणा दाखवणारा 'शेन' हा प्रत्यय लागला की जर्मन शब्द नपुंसकलिंगी होतो, आणि आपलेही वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू हे सगळे 'ते'च असतात.

जोडशब्दांचेही तसेच आहे. फेर्नझेअर म्हणजे दूरचे पाहण्याचे साधन, आपले दूरदर्शन. आयझेनबान म्हणजे लोखंडाची वाट, आपला लोहमार्ग. झोनेनब्लूमे म्हणजे सूर्यफूल. सूर्य पुल्लिंगी असूनही सूर्यफूल 'ते' होते कारण शेवटी फूल आहे, आणि जर्मन जोडशब्दाचे लिंगही शेवटच्या पदावरूनच ठरते. समास शिकलेल्या विद्यार्थ्याला हा नियम एका वाक्यात सांगता येतो. उच्चारातही असा एक ठेवा आपल्याजवळ आहे. जर्मनमध्ये झेड या अक्षराचा जो उच्चार होतो तो 'चमचा' या शब्दातील दोन्ही 'च'चा आहे. हिंदी भाषकाला तो शिकावा लागतो, आपण तो रोज करतो. दहा या अर्थाचा जर्मन शब्द म्हणताना फक्त चमच्याची आठवण ठेवावी.

हे सगळे साठवायचे कुठे, तर आन्कीमध्ये. ज्यांना आन्की ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : हा शब्दपत्त्यांचा, म्हणजे समोर प्रश्न आणि मागे उत्तर असलेल्या कार्डांचा, प्रोग्राम आहे, डेमियन एल्म्स यांनी तो 2006 मध्ये सुरू केला, संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर तो विनामूल्य आहे आणि आयफोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. पत्ता उलटल्यावर तो कितपत आठवला हे आपण चारांपैकी एक बटण दाबून सांगतो आणि त्यावरून तो पुन्हा कधी दाखवायचा हे ठरते. सोपा पत्ता महिन्याने, अवघड पत्ता उद्याच. माणूस किती वेगाने विसरतो याचे मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून 1885 मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि कितपत आठवले त्यानुसार पत्ते वेगवेगळ्या खणांत ठेवण्याची पेटी झेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये लोकप्रिय केली. आन्की त्याच वाटेवरची आहे, आणि 2023 पासून तिच्यात एफएसआरएस ही नवी गणनपद्धती आहे, जिच्यामुळे माझ्या रोजच्या उजळणीचे पत्ते निश्चितच कमी झाले.

माझा पत्ता असा असतो. समोर मराठी वाक्य, 'चमचा टेबलावर आहे'. मागे पूर्ण जर्मन वाक्य, खाली उपपदासह एकवचन आणि अनेकवचन, आणि उच्चाराची ध्वनिफीत. पुल्लिंगी नाम निळ्या, स्त्रीलिंगी लाल आणि नपुंसकलिंगी हिरव्या अक्षरांत. एक पत्ता करायला मला दोन मिनिटे लागतात. मैत्रिणी म्हणतात की तयार संच घेऊन तोच वेळ पाठांतराला द्यावा. माझा अनुभव सुरुवातीलाच सांगितला आहे. पत्ता करताना आपण कोश उघडतो, वाक्य निवडतो, लिंग तपासतो, आणि अर्धे शिकणे तेथेच होऊन जाते. आन्कीचे दोष दोन आहेत. तिची मांडणी रूक्ष आहे आणि पहिल्या आठवड्यात तिच्या पर्यायांत हरवायला होते. दुसरे म्हणजे ती खाडा सहन करत नाही; गणपतीचे दहा दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही तेव्हा सातशेहून अधिक पत्ते साचले होते. तिच्यात दिवसाला 20 नवे पत्ते ही मर्यादा आधीपासून घातलेली असते, ती नोकरी करणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी 10 वर आणावी.

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपविषयी थोडक्यात. रोज उघडण्याची सवय लावण्यात तो सर्वांत वरचढ आहे आणि ती सवय मोलाची आहे. परंतु तेथे बरीचशी उत्तरे समोर मांडलेल्या शब्दांतून निवडायची असतात, आणि ओळखता येणे व आठवता येणे यांत मोठे अंतर आहे. पहिले दोन-तीन महिने तो वापरावा. परीक्षेची तयारी केवळ त्याच्या भरवशावर करू नये.

शेवटचे नाव टाटोएबाचे. जगभरातील स्वयंसेवकांनी लिहिलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या वाक्यांचा हा संग्रह 2006 पासून चालू आहे आणि या यादीत मला मराठी भेटली ती येथेच. मराठी वाक्ये भरपूर आहेत. अडचण अशी की त्यांतील बहुतेक इंग्रजी वाक्यांना जोडलेली आहेत आणि जर्मनपर्यंत जायचे तर पुन्हा तोच वळसा पडतो. मी आता तेथे थेट जर्मन वाक्यांखाली मराठी वाक्ये लिहू लागले आहे. पहिले वाक्य निवडले ते 'दोख' या शब्दाचे. नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार देणारा हा शब्द इंग्रजीतून समजावताना शिक्षकांना अर्धा फळा भरावा लागतो. 'तू येणार नाहीस?' या प्रश्नाखाली मी उत्तर लिहिले, 'येणार की!'